पिवळा लाईट जाता जात नाही: सर्व्हरच्या इशाऱ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून या वेळी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वारंवार दिसली: सर्व्हर चालतोय, काम अडलेलं नाही, पण पुढचा पिवळा लाईट काही केल्या जात नाही. म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. पहिलं उत्तर मुद्दाम लांब ठेवलं आहे. लॉग (मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी) कसा वाचायचा ते त्यातच आहे, पुढे पुन्हा सांगितलेलं नाही. तेव्हा प्रश्न दुसऱ्याचा असला तरी ते वाचावं.

प्रश्न : आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसात एक टॉवर सर्व्हर आहे, त्यावर टॅली आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर चालतं. दोन पॉवर सप्लाय, चार हार्ड डिस्क. महिन्यापूर्वी पुढचा निळा लाईट पिवळा होऊन लुकलुकायला लागला. सर्व्हिसवाल्यांनी एक पॉवर सप्लाय बदलला, लाईट गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. त्यांनी येऊन लॉग क्लिअर केला. परत दोन दिवस बरे गेले, परत तेच. आता मदरबोर्ड बदला म्हणतात. मशीन तर एकदाही बंद पडलेलं नाही. एवढा खर्च करावा का?
(एक कारखानदार, अक्कलकोट रोड)

उत्तर : मदरबोर्डच्या कोटेशनवर इतक्यात सही करू नका. तुम्ही सांगितलेल्या हकिकतीत बोर्ड खराब असल्याचा एकही पुरावा नाही. उलट "दोन दिवस बरं, मग परत" हे लक्षण बाहेरून येणाऱ्या विजेकडे बोट दाखवतं.

आधी लाईटची भाषा. डेलच्या पॉवरएज मशीनवर स्थिर निळा म्हणजे सगळं ठीक. लुकलुकता निळा म्हणजे बिघाड नव्हे. कुणीतरी ओळखीचं (मशीन ओळखू यावं म्हणून दिलेलं "आयडी") बटण दाबलं आहे, पुन्हा दाबलं की थांबतो. लुकलुकता पिवळा म्हणजे मशीनने कुठला तरी दोष नोंदवला आहे. एचपीईच्या प्रोलायंटवर स्थिर हिरवा ठीक, लुकलुकता पिवळा म्हणजे कुठला तरी भाग कमजोर झालाय, लुकलुकता लाल म्हणजे गंभीर. दुसऱ्या कंपनीचं मशीन असेल तर झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता बघा, बहुतेक सर्व्हरना तो असतो.

"मशीन बंद पडलं नाही" हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलं आहे, पण त्याचं कारण समजून घ्या. दोन पॉवर सप्लायपैकी एक रुसला तरी दुसरा पूर्ण भार उचलतो. दोन्ही बसवलेले असतात ते त्यासाठीच. म्हणजे गेला महिनाभर तुमचा सर्व्हर अधूनमधून एकाच पायावर उभा आहे आणि तो पाय घसरला की टॅलीचा डेटा उघडा असतानाच मशीन धाडकन बंद होईल. लाईट तेवढंच सांगतोय. कुठला पाय, केव्हापासून, कशामुळे हे तो सांगू शकत नाही. ते लॉगमध्ये असतं.

लॉग विंडोजमध्ये शोधू नका. सर्व्हरच्या आत एक स्वतंत्र छोटा संगणक असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईत आयलो. मुख्य मशीन बंद असलं तरी वायर जोडलेली आहे तोवर तो जागा असतो. मागच्या बाजूला त्याचा वेगळा नेटवर्क पोर्ट असतो, पान्याचं (स्पॅनरचं) किंवा आयड्रॅकचं चिन्ह असलेला. त्यात लॅनची वायर लावा आणि ब्राउझरमधून त्याचा पत्ता उघडा. डेलमध्ये कुणी बदललेला नसेल तर पत्ता 192.168.0.120 असतो, एचपीईचा आयलो राउटरकडून पत्ता मागून घेतो. पहिला पासवर्ड सहसा मशीनच्या पुढच्या ओढून काढायच्या पट्टीवर छापलेला असतो. आत गेल्यावर तो लगेच बदला, आणि हा पोर्ट इंटरनेटवरून उघडा ठेवण्याची चूक कधीही करू नका. त्यातून अख्खं मशीन हातात येतं.

आत "सिस्टिम इव्हेंट लॉग" उघडा. एचपीईत त्याला इंटिग्रेटेड मॅनेजमेंट लॉग म्हणतात. पहिलं काम, फाइल सेव्ह करून पेन ड्राइव्हवर घेणं. तुमच्याकडे आलेल्यांनी आधी लॉग पुसला आणि मग निदान केलं. क्रम उलटा झाला. लॉग पुसल्याने दोष जात नाही. सेन्सरला तीच अवस्था पुन्हा दिसली की नोंद पुन्हा पडते आणि लाईट परत येतो. फक्त मधला पुरावा हरवतो.

नोंदी वाचताना तीन गोष्टींकडे बघा: वेळ, कुठला भाग, आणि ती अवस्था "आली" की "गेली". प्रत्येक दोषाच्या सहसा दोन नोंदी पडतात, एक सुरू झाल्याची आणि एक संपल्याची. पॉवर सप्लायबाबत चार वेगवेगळे संदेश येतात आणि चारही कामं वेगळी आहेत:

"पॉवर इनपुट लॉस्ट" म्हणजे पॉवर सप्लाय धडधाकट आहे, त्याच्यापर्यंत वीजच पोचली नाही. वायर, सॉकेट, युपीएस तपासा. "फेल्ड" म्हणजे पॉवर सप्लाय स्वतः गेला. "मिसमॅच" म्हणजे दोन्ही वेगळ्या वॉटचे लागलेत, एक 495 आणि एक 750 असे. हे चालत नाही, नवा बसवताना जुन्याचा पार्ट नंबर जुळवायलाच हवा. "रिडंडन्सी लॉस्ट" (जोडीचा आधार गेला) हा फक्त परिणाम आहे, कारण त्याच्या आदल्या नोंदीत सापडेल.

आमचा अंदाज पहिल्या संदेशाचा आहे. तो खरा की खोटा हे तुम्हीच ठरवू शकता. नोंदींच्या वेळा तुमच्या शिफ्टच्या वेळांशी ताडून बघा. यंत्रमागाच्या मोटरी सुरू होताना पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढतात आणि तेवढ्या क्षणापुरता त्या लाइनवरचा व्होल्टेज खाली बसतो. विजेचा एक फेरा 20 मिलिसेकंदांचा असतो आणि सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर साधारण तेवढाच वेळ तग धरतात. एक वायर युपीएसवर आणि दुसरी थेट भिंतीतल्या सॉकेटला असेल, तर दुसऱ्या पॉवर सप्लायला शिफ्टच्या सुरुवातीला हा झटका बसतो. नोंदी दर वेळी त्याच वेळेला पडत असतील तर बोर्डाचा विषयच संपला.

नोंदींतून उलगडा झाला नाही तर अदलाबदल करा, पण एका वेळी एकच गोष्ट. कामाचे तास संपल्यावर, त्या दिवसाचा बॅकअप घेतल्यानंतर. आधी फक्त दोन वायरींची सॉकेटं आपसांत बदला. तुमच्याकडे दोष दोन दिवसांनी उगवतो, म्हणून निदान चार दिवस थांबा. आता आतापर्यंत गप्प असलेला पॉवर सप्लाय रडू लागला तर दोष सॉकेटच्या बाजूला आहे. तसं झालं नाही तर सॉकेटं तशीच ठेवून वायरी बदला. त्यानंतर पॉवर सप्लायच्या जागा बदला. एक बाहेर काढण्याआधी दुसऱ्याचा मागचा दिवा स्थिर हिरवा आहे याची खात्री करा, नाहीतर मशीन हातात बंद पडेल. एवढं सगळं फिरवूनही दोष त्याच खाच्यात राहिला, तरच आतल्या भागाकडे वळा. तेव्हासुद्धा आधी विचारा की तुमच्या मॉडेलमध्ये पॉवर वाटप करणारी पट्टी वेगळी मिळते का. बऱ्याच टॉवर मॉडेलमध्ये ती मदरबोर्डापासून सुटी असते आणि खर्च बराच कमी येतो.

लाईट असेल त्याच वेळी मागे जाऊन पाहिलं तर हे काम आणखी सोपं होतं. डेलमध्ये पॉवर सप्लायच्या मागचा दिवा पूर्ण विझलेला असेल तर वीज येत नाही. पिवळा लुकलुकत असेल तर तो स्वतः बिघडलेला.

वायरिंगचं बोललो आहोत तर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातला व्होल्टेज मोजून घ्या, माग चालू असताना. दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियनला अर्थिंग दाखवा. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की हे हमखास होतं. आणि सर्व्हरची वायर सैल एक्स्टेंशन बोर्डावर असेल तर आधी तो बोर्ड काढा. निम्म्या "इनपुट लॉस्ट" नोंदींचा उगम तिथेच निघतो असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

टेरी टॉवेलच्या कारखान्यात आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे सुताचा तंतू. पॉवर सप्लायमध्ये स्वतःचा लहान पंखा असतो. त्याच्या जाळीवर तंतूंचा नमदा बसला की आतली उष्णता वाढते, तो स्वतःला वाचवायला बंद होतो आणि थंड झाला की पुन्हा सुरू. लॉगमध्ये तापमान किंवा पंख्याची नोंद शेजारी दिसली तर हेच. सफाई कशी करायची ते पुढे रुग्णालयाच्या प्रश्नात सांगितलं आहे.

कारण दूर झाल्यावरही लाईट राहिला तर दोन उपाय. लॉग सेव्ह करून मग पुसा. लॉग काठोकाठ भरला असेल तर त्याचाही इशारा येतो. त्यानेही गेला नाही तर डेलमध्ये ओळखीचं बटण 15 सेकंदांहून अधिक दाबून धरा. त्याने फक्त आयड्रॅक नव्याने सुरू होतो, विंडोज आणि टॅलीला धक्का लागत नाही. पंख्यांचा आवाज क्षणभर वाढतो, घाबरू नका.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरला रेड 5 मध्ये चार डिस्क आहेत, प्रत्येकी 4 टीबी. एकीचा लाईट पिवळा झाला. ऑपरेटरने ती डिस्क ओढून बाहेर काढली, परत बसवली. लाईट हिरवा लुकलुकू लागला आणि दुसऱ्या दिवशी सगळं नीट झालं. आता पंधरा दिवसांनी पुन्हा पिवळा. परत तसंच करावं का?
(शाखाधिकारी, बार्शी)

उत्तर : अजिबात नाही, आणि ऑपरेटरला हे आजच सांगा.

रेड 5 म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर अशा रीतीने वाटून ठेवणं की एक गेली तरी बाकीच्यांवरून तो परत मिळतो. डिस्क ओढून परत बसवल्यावर कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) तिला नवी समजतो आणि उरलेल्या तीन डिस्कवरून तिच्यावर सगळा डेटा पुन्हा लिहितो. हिरवा लुकलुकत होता तो त्यासाठी. ताशी हिशोब करा: 4 टीबी म्हणजे 40 लाख एमबी, सेकंदाला 100 एमबी वेग धरला तरी 40 हजार सेकंद, म्हणजे अकरा तास, वर रोजचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. या सगळ्या वेळात रेड 5 ला काहीही संरक्षण नसतं. ती एकच डिस्क गेलेली झेलते. त्या अकरा तासांत उरलेल्या तिघींपैकी कुठलीही दगावली, तर सभासदांची खाती बॅकअपवरूनच परत आणावी लागतील. आणि उरलेल्या तिघी त्याच वयाच्या, बहुधा त्याच लॉटमधल्या आहेत; वरून पुनर्लेखनात त्यांच्यावर सलग ताण पडतो. एका आजारी डिस्कला उगीच बरं ठरवण्यासाठी हा जुगार दोनदा खेळायचा नसतो.

डेलच्या डिस्कवर हिरवा, मग पिवळा, मग विझणे असा फेरा दिसला तर डिस्क अजून चालते आहे पण लवकरच जाणार असा अंदाज आहे. सेकंदाला चार वेळा पिवळा म्हणजे गेलीच. एचपीईत स्थिर पिवळा म्हणजे गेली, हिरवा-पिवळा आळीपाळीने म्हणजे जाणार. एचपीईच्या अलीकडच्या डिस्क-कप्प्यांवर एक पांढरा दिवाही असतो. तो लागलेला असेल त्या डिस्कला बोटही लावू नका; ती काढली तर अख्खा व्हॉल्यूम (सगळ्या डिस्क मिळून बनलेला डेटाचा साठा) कोसळतो असा त्याचा अर्थ आहे. पिवळी डिस्क बदलण्याच्या घाईत शेजारची पांढऱ्या दिव्याची डिस्क ओढली जाऊन डेटा गेल्याचे प्रसंग आहेत तितके पुरेत.

आता काय करायचं. बॅकअप घ्या आणि त्यातली एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा; न उघडलेला बॅकअप हिशोबात धरू नका. नवी डिस्क मागवताना जुनीचा पार्ट नंबर द्या. क्षमता तेवढीच किंवा जास्त, सॅस असेल तर सॅस आणि साटा असेल तर साटा (हे डिस्क जोडायचे दोन प्रकार), सेक्टरचा प्रकारही तोच. बाजारातली साधी डेस्कटॉप डिस्क बसेल, चालेल असं वाटेल, आणि वाचताना अडखळली की स्वतःच्या दुरुस्तीत इतका वेळ घालवेल की कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढेल.

बदलताना मशीन चालू ठेवा. कप्पा क्रमांक आयड्रॅकमधल्या किंवा आयलोमधल्या यादीशी पडताळा. कप्प्याची कडी उघडून डिस्क बोटभर बाहेर घ्या, अर्धा मिनिट थांबा म्हणजे आतली तबकडी फिरायची थांबेल, मग पूर्ण काढा. नवी बसवली की पुनर्लेखन सहसा आपोआप सुरू होतं. स्क्रीनवर "फॉरेन कॉन्फिगरेशन" असा संदेश आला तर त्याचा अर्थ बसवलेल्या डिस्कवर जुन्या मशीनची खूण आहे. ती डिस्क वापरलेली निघाली! नवी म्हणून विकलेली असेल तर परत करा. "इम्पोर्ट" किंवा "क्लिअर" यापैकी कुठलंही बटण स्वतःच्या अंदाजाने दाबू नका.

पतसंस्थेला पुढच्या खरेदीत रेड 6 घ्या असं सुचवू. त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. बदल्यात एक डिस्कभर जागा जास्त जाते. आणि एक सुटी डिस्क कपाटात ठेवा. बार्शीत रविवारी सर्व्हरची डिस्क मिळत नाही.

प्रश्न : आमच्या छोट्या रुग्णालयाचा सर्व्हर रिसेप्शनमागच्या खोलीत आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते पाच पिवळा लाईट येतो, पंखे विमानासारखे ओरडतात, संध्याकाळी आपोआप सगळं नीट. एसी आहे. वरचं झाकण काढून समोर टेबल फॅन लावला तरी फरक पडला नाही.
(व्यवस्थापक, सात रस्ता परिसर)

उत्तर : झाकण आधी बसवा. सर्व्हरमध्ये हवा पुढून येऊन मागे जाते. प्लास्टिकचं आवरण आणि वरचं झाकण मिळून तिला प्रोसेसर आणि रॅमवरून जायला भाग पाडतात. झाकण काढलं की पंख्यांनी ओढलेली हवा वरच्या वर निसटते आणि आतले भाग उलट जास्त तापतात. बऱ्याच मशीनमध्ये झाकण उघडं असल्याचा वेगळा सेन्सरही असतो, त्याचा पिवळा लाईट वेगळा. टेबल फॅन म्हणजे खोलीतली तापलेली हवा जोराने ढकलणं.

लॉगमध्ये "इनलेट टेम्परेचर" बघा. पुढच्या बाजूने आत शिरणाऱ्या हवेचं ते तापमान. सर्वसाधारण सर्व्हर 10 ते 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. 18 ते 27 मध्ये ठेवावं अशी शिफारस आहे. उंचीमुळे ही मर्यादा खाली येते, पण ते साधारण 950 मीटरच्या पुढे. सोलापूर त्याच्या निम्म्या उंचीवर आहे, तेव्हा ते सोडून द्या. मेमध्ये बाहेर 42-43 अंश असताना एसी थांबलेल्या बंद खोलीत 35 ओलांडायला अर्धा तास पुरतो.

एसी कमी पडतो का? हिशोब सोपा आहे. एक वॉट म्हणजे ताशी 3.412 बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). सर्व्हर 500 वॉट, नेटवर्क स्विच आणि युपीएसची गळती धरून आणखी 250, एकूण 750 वॉट. म्हणजे सुमारे 2,560 बीटीयू. एक टनाचा एसी 12,000 बीटीयू काढतो. यंत्रांसाठी तो भरपूर आहे. म्हणजे अडचण बहुधा क्षमतेची नाही.

आमचा संशय असा: दुपारी वीज जाते, युपीएसवर सर्व्हर चालू राहतो, वीज येते आणि एसी मात्र रिमोटने चालू करेपर्यंत बंदच. कुणाच्या लक्षात येत नाही कारण त्या खोलीत कुणी बसत नाही. तुमच्या एसीत "ऑटो रिस्टार्ट" आहे का बघा. नसेल तर असलेला घ्या. लॉगमधल्या तापमानाच्या नोंदींच्या थोडं आधी युपीएसच्या नोंदीत वीज गेल्याचं दिसत असेल, तर शोध इथेच संपला. तसं नसेल तर पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब दुपारनंतर तापतो का ते पाहा, आणि सर्व्हरचं तोंड भिंतीकडे नाही ना तेही. पुढे हातभर आणि मागे हातभर मोकळी जागा हवी. एसी 16 वर लावू नका, 24 पुरे. आणि एसीचं युनिट सर्व्हरच्या डोक्यावर नसावं. ड्रेन पाइप तुंबला की पाणी सरळ आत.

सफाई वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी फेब्रुवारीत एकदा नक्की. सूतगिरणी किंवा मागाच्या शेजारी असाल तर दर दोन महिन्यांनी. मशीन बंद करून दोन्ही वायरी काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. मशीन खोलीबाहेर न्या. हाताच्या ब्लोअरने पुढून मागे हवा मारा आणि प्रत्येक पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. हवेने भन्नाट फिरलेला पंखा बेअरिंग खराब करतो आणि उलटी वीज बोर्डात सोडतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर नको. त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये दडलेला तंतू टॉर्चने बघूनच काढा, वरून तो दिसत नाही. ओलं फडकं कुठेही नको.

प्रश्न : नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. रोज रात्री मेन स्विच बंद करून जातो. हल्ली सकाळी सर्व्हर पिवळा लाईट दाखवतो, तारीख भलतीच येते, दुसऱ्या संगणकांवरून लॉगिन होत नाही.

उत्तर : मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर 2032, तीन व्होल्टचा, घड्याळात असतो तसा चपटा, ब्रँडेड घ्या. मल्टिमीटरवर 2.7 व्होल्टच्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर बदलायचाच. वीज जोडलेली असताना हा सेल जवळजवळ खर्च होत नाही. तुम्ही रोज मेन बंद करता म्हणून तो रात्रभर कामाला असतो.

लॉगिन का अडतं तर डोमेनमध्ये (सगळ्या संगणकांचं लॉगिन सर्व्हर तपासतो त्या मांडणीत) सर्व्हर आणि संगणकाच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख पटवली जात नाही. सेल बदलण्याआधी बायोसच्या (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर काही मशीनची सेटिंग मूळपदावर जातात. बूटचा प्रकार आणि साटाचा "रेड" पर्याय बदलला गेला तर विंडोज सुरूच होणार नाही आणि डिस्क गेली असं वाटून भलतीच धावपळ होईल. ते दोन परत जुळवले की काम झालं. तारीख नीट होईपर्यंत टॅलीत एकही व्हाउचर टाकू नका.

प्रश्न : लाईट आल्या दिवसापासून सर्व्हर फार हळू झाला आहे. बिल सेव्ह व्हायला मिनिट लागतं. व्हायरस असेल का?
(होटगी रोड)

उत्तर : लॉगमध्ये रेड कंट्रोलरच्या बॅटरीचं नाव आहे का पाहा. कंट्रोलर डेटा आधी स्वतःच्या मेमरीत घेऊन "लिहिलं" म्हणतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. वीज गेली तरी तो डेटा जपायला ही बॅटरी असते. तिच्यावरचा भरवसा उडाला की कंट्रोलर प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहूनच पुढे सरकतो. डेटा सुरक्षित, वेग गेला.

बॅटरी काही महिन्यांनी स्वतःची चाचणी घेते, डेलच्या पर्कमध्ये (डेलच्या रेड कंट्रोलरमध्ये) 90 दिवसांनी. तेव्हाही थोडा वेळ वेग कमी होऊ शकतो, पण तो त्याच दिवशी परत येतो. तुमच्याकडे कायम असेल तर बॅटरी बदला. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये "फोर्स राइट बॅक" असा पर्याय असतो आणि तो लावला की मशीन पळायला लागतं. तो सुचवणाऱ्याला नमस्कार करून घरी पाठवा. बॅटरीशिवाय तो लावून वीज गेली की अर्धवट लिहिलेला डेटाबेस उरतो.

प्रश्न : "करेक्टेबल मेमरी एरर" असं येतं. करेक्टेबल आहे तर दुर्लक्ष केलं तर चालेल का?

उत्तर : एखादी नोंद आली आणि महिनोन् महिने पुन्हा आली नाही, तर चालेल. "थ्रेशोल्ड ओलांडला" (चुका ठरलेल्या मर्यादेपुढे गेल्या) असं आलं तर नाही. सर्व्हरची रॅम एका बिटची चूक स्वतः सुधारते; दोन बिटांची फक्त ओळखू शकते आणि मग मशीन थांबवते. आधी बायोस अपडेट करून एकदा पूर्ण रीस्टार्ट द्या, अलीकडच्या काही मशीन सुरू होताना खराब ओळीच्या जागी राखीव ओळ लावून घेतात. तरी आलं तर लॉगमधल्या खाच्याची रॅम शेजारच्या तशाच रॅमशी बदला. दोष रॅमबरोबर गेला तर रॅम बदला. त्याच खाच्यात राहिला तर खाचा, किंवा प्रोसेसरखालची वाकलेली पिन. रॅमचे सोनेरी दात 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर नको, त्याचा भुगा खाच्यात अडकतो.

प्रश्न : गिऱ्हाइकं विचारतात म्हणून लाईटवर काळी चिकटपट्टी लावली आहे. काही नुकसान?
(मोबाईल शोरूम)

उत्तर : पट्टी हवेच्या जाळीवर नसेल तर मशीनचं नाही. पण मग इशारा दुसऱ्या वाटेने आला पाहिजे. आयड्रॅक किंवा आयलोत ईमेलचे इशारे चालू करा; काही मॉडेलना त्यासाठी वरचा परवाना लागतो, आधी तपासा. मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, पोर्ट 587, आणि जीमेल वापरत असाल तर नेहमीचा पासवर्ड नव्हे तर त्याचा वेगळा ॲप पासवर्ड. आयड्रॅकमध्ये नेटवर्कचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) भरलेला नसतो म्हणून पहिला मेल सहसा जात नाही. तो भरा आणि "टेस्ट मेल" दाबा. इशारे दोघांना जाऊ द्या, एक तुम्ही आणि एक जो प्रत्यक्ष दुकानात असतो तो. पॉवर सप्लाय, डिस्क, तापमान आणि पंखा एवढेच चालू ठेवा. सगळेच चालू केले तर दर लॉगिनला मेल येईल आणि आठवड्याभरात कुणी वाचणार नाही.